रोझालीला कोणी फसवले?

मुलगी न्हातीधुती झाली की तिला मखरात बसवायचे, तिची ओटी भरायची, गोडधोड करून आळीतल्या बायकांना बोलवायचे, अशी चाल आपल्याकडे होती. बाईच्या आयुष्यातल्या त्या ऋतूचे आगमन असे वाजतगाजत होई. त्याचे जाणे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसे. ‘गेली एकदाची, सुटले!’ एवढ्यावर सगळे आटोपे. वाङ्मयातही फारसे वेगळे नाही. यौवनात पाऊल टाकणारी नायिका कथाकाराला पानोपानी भेटते. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई बहुधा कोणाची तरी आई किंवा सासू म्हणून येते आणि चहाचा कप ठेवून आत जाते. तिच्या अंगाची अकारण होणारी आग, मध्यरात्री घामाने भिजून येणारी जाग, क्षुल्लक गोष्टीवरून भरून येणारे डोळे, ह्यांत कथेचे बीज असू शकते, असे फारच थोड्यांना वाटले आहे.

ह्या पार्श्वभूमीवर थॉमस मान ह्या जर्मन कादंबरीकाराची १९५३ साली प्रसिद्ध झालेली एक दीर्घकथा मला फार मोलाची वाटते. तिचे मूळ नाव ‘डी बेट्रोगेने’, म्हणजे ‘फसवली गेलेली’. इंग्रजीत ती ‘द ब्लॅक स्वान’ ह्या नावाने आली. मानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. ही कथा लिहिली तेव्हा त्याने पंचाहत्तरी ओलांडली होती. अशा थोर आणि वृद्ध लेखकाने पाळी जाण्याचा विषय उघडपणे कथेच्या मध्यभागी ठेवावा, हे आजही धाडसाचे वाटते.

कथा १९२०च्या दशकातल्या ड्युसेलडॉर्फ शहरात घडते. रोझाली फॉन ट्युम्लर ही पन्नाशीची विधवा. नवरा महायुद्धाच्या आरंभीच गेलेला. घरात आन्ना ही तिशीकडे झुकलेली, पायाने अधू असलेली चित्रकार मुलगी आणि एडुआर्ड हा शाळकरी मुलगा. रोझालीला निसर्गाचे वेड. पण त्याच निसर्गाने आता आपल्याला बाजूला सारले, ह्या विचाराने ती खचली आहे. एडुआर्डला इंग्रजी शिकवायला केन कीटन हा चोवीस वर्षांचा अमेरिकन तरुण येऊ लागतो आणि रोझाली त्याच्या प्रेमात पडते. एके दिवशी तिला पुन्हा रक्तस्राव होतो. तिला वाटते, मनाने शरीरावर विजय मिळवला, प्रेमाने ऋतू परत आणला! पण केनला भेटण्याचे ठरले त्याच रात्री ती रक्तात बेशुद्ध पडलेली सापडते. शल्यविशारद पोट उघडतात तो कर्करोग सगळीकडे पसरलेला.

मानचे बारीक निरीक्षण थक्क करणारे आहे. अंगातून उसळणाऱ्या उष्णतेच्या लाटा, बेचैनी, डोकेदुखी, उदासी, चिडचिड ही सारी लक्षणे त्याने टिपली आहेत. वसंतातला केशरवर्गीय क्रोकस आणि शरदातले त्याच्यासारखेच दिसणारे विषारी फूल, ह्यांची जोडी त्याने सहज बोलता बोलता पुढे ठेवली आहे. फिरायला गेलेल्या मायलेकींना कस्तुरीसारखा सुगंध येतो आणि जवळ जाऊन पाहावे तर तो सडक्या घाणीच्या ढिगाचा निघतो! शेवट ह्या एका प्रसंगात लपलेला आहे. कारागिरी म्हणून हे सारे निर्दोष आहे.

माझा आक्षेप कारागिरीवर नाही, तीमागच्या गृहीतावर आहे. पाळी म्हणजेच स्त्रीत्व, ती गेली की बाई उरली फक्त टरफलासारखी, हे रोझालीचे मत आहे. आन्ना तिला परोपरीने समजावते, पण कथेचा सारा भावभार रोझालीच्या बाजूने झुकतो. आपल्या घरांत ही गोष्ट निराळ्या रीतीने वाचली जाईल. जिथे पाळी म्हणजे विटाळ होता, चार दिवस बाजूला बसणे होते, तिथे तिचे जाणे ही सुटका ठरली. देवघराचे दार पुन्हा न मिटण्यासाठी उघडले. रोझाली रडते तिथे आपल्या आज्या सुस्कारा सोडत. म्हणजे हे दुःख केवळ शरीराचे नाही. शरीराला समाजाने काय किंमत लावली, त्याचेही आहे. मानने शरीर अचूक पाहिले, पण ही किंमत निसर्गाच्या खात्यावर मांडली.

आता शीर्षकातला प्रश्न. रोझालीला फसवले कोणी? पुष्कळ वाचक उत्तर देतील, निसर्गाने. मरताना रोझाली स्वतः मात्र ते नाकारते; निसर्गाने माझ्यावर दयाच केली, असे ती म्हणते. मला रोझालीचे म्हणणे पटते, पण निराळ्या कारणासाठी. निसर्ग फसवत नव्हता, तो इशारा देत होता. कथेतला शल्यविशारद सांगतो की, बीजांडकोशातल्या गाठीतून स्त्रीसंप्रेरके वाहिली, गर्भाशयाचे अस्तर वाढले आणि रक्तस्राव झाला. ही वैद्यकी कपोलकल्पित नाही. अशी संप्रेरके सोडणाऱ्या गाठी खरोखर असतात. ते रक्त म्हणजे शरीराने दारावर दिलेली थाप होती. रोझालीने ती प्रियकराची थाप समजून आनंदाने ऐकली.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ह्या विषयावर मोकळेपणाने बोलले म्हणजे सारे प्रश्न सुटतात, असे आज सर्रास म्हटले जाते. रोझालीच्या घरी तर मायलेकी सगळे बोलतात! अब्राहामाच्या वृद्ध पत्नीच्या, साराच्या, बायबलातल्या कथेपर्यंत त्यांचे बोलणे जाते. मोकळेपणाची तिथे वाण नाही. वाण आहे ज्ञानाची. आपल्या घरांत बहुधा दोन्हींची असते. ‘सुटले’ म्हणणारी बाई वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा डाग दिसला, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून गुलकंद खाते आणि कोणाला सांगत नाही. रोझाली हर्षाने फसली, आपली बाई संकोचाने फसते, परिणाम तोच.

म्हणून टीकालेखाची वेस थोडी ओलांडून चार गोष्टी सांगते. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे वैद्यकशास्त्र धरते. सुश्रुताने पन्नाशीचा सुमार सांगितला होता. आज आपल्या देशात हे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास घडते. त्याआधी काही वर्षे पाळीचा क्रम बिघडतो, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, छातीत धडधडते, सांधे दुखतात, विसर पडतो. हा वेडाचा झटका नव्हे आणि सुनेवरचा रागही नव्हे, हे घरातल्या पुरुषांनीही जाणून घ्यावे. सुती कपडे, नियमित चालणे, हाडांसाठी पुरेसे कॅल्शियम, तंबाखूचा त्याग ह्यांचा उपयोग होतो. त्रास फार असेल तर संप्रेरकांचे उपचार आहेत. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीनंतर त्यांची जबर धास्ती बसली होती. आता मत असे आहे की, साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्यापूर्वी ते सुरू केले आणि स्तनाच्या कर्करोगासारखा पूर्वेतिहास नसला, तर लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. निर्णय अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा.

आणि शेवटची गोष्ट रोझालीची. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, मग तो एकच डाग का असेना, तर ताबडतोब तपासून घ्यावे. अशा दहा जणींपैकी सुमारे नऊ जणींत कर्करोग निघत नाही, कारण साधेच असते. पण दहावी कोण, हे तपासल्यावाचून कळत नाही. आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेकदा बराही होतो.

कथेत एक प्रसंग आहे. रोझाली एका जुन्या राजवाड्याच्या तळ्यावर काळ्या हंसांना पाव घालायला जाते. पाव द्यायला उशीर झाला म्हणून एक हंस तिच्यावर रागाने फुत्कारतो. समीक्षकांनी त्या हंसाला मृत्यूचे प्रतीक म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. पण प्रतीकाच्या मोहात एक साधी गोष्ट निसटू नये: रक्त हे रोझालीच्या बाबतीत प्रतीक नव्हते, लक्षण होते. मानला प्रतीक हवे होते, म्हणून त्याने तिला मरू दिले. तो कलावंताचा अधिकार आहे. ही कथा प्रौढ वाचकांनी, विशेषतः मायलेकींनी, जरूर वाचावी. मात्र वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आईला एवढे विचारावे, ‘आई, तुला हल्ली झोप लागते ना गं?’