भिंतीपाशी थांबणारा खेळ

किल्ल्याच्या ओवरीतून राजी धावत येते आणि एका भिंतीपाशी थांबते. कॅमेरा तिला सोडून भिंतीवरच्या चित्राकडे वळतो. लढाई, उड्या सगळं बाजूला राहतं आणि दुर्गा नि विष्णू त्या चित्रातली कथा सांगू लागतात. मारामारीच्या खेळात खेळणाऱ्याला असं चित्रापुढे उभं करायचं, ही हिंमत पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेममध्ये केली. 18 ऑगस्ट 2020 ला तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरात कॉम्प्युटर आणि इतर यंत्रांवर. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. जाहिरातीवर उधळायला पैसा नव्हता. होतं ते चित्र. म्हणून ‘राजी’चं रसग्रहण करताना मला तिच्या कथेपेक्षा तिच्या रूपाबद्दल बोलायचं आहे. मोठ्या माणसांना हा खेळ घ्यावासा वाटला, त्यात या रूपाचा वाटा मोठा आहे.

गेम कोणत्या वयासाठी आहे हे गिऱ्हाईक गोष्ट वाचून ठरवत नाही, चित्र पाहून ठरवतं. निन्टेन्डोच्या ‘झेल्डा’ या गेम-मालिकेतला ‘द विंड वेकर’ 2002 च्या अखेरीस जपानात आला. टपोरे डोळे, सपाट रंग, कार्टूनसारखी ठेवण. आतला खेळ उत्तम होता, तरी अमेरिकेत तो लहान मुलांचा वाटला आणि विक्रीला त्याचा फटका बसला, हे पुढे तो घडवणाऱ्या एजी आओनुमा यांनीच सांगितलं. मग त्याच मालिकेतल्या 2006 च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये निन्टेन्डोनं वास्तवाकडे झुकणारं, काळोखं चित्र दिलं.

आपल्याकडे तर धोका दुप्पट. देवदैत्यांची गोष्ट म्हटली की गोबऱ्या गालांचा हनुमान आणि चकचकीत गदा डोळ्यांपुढे येते, कारण कित्येक वर्षं टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये पुराणं मुलांच्याच वाट्याला गेली. ‘राजी’च्या कलाकारांनी ती वाट सोडून पहाडी लघुचित्रांचा हात धरला. बसोहली-कांगड्याची ती चित्रं दरबारातल्या जाणत्या रसिकांनी हातात धरून, निवांत न्याहाळायची. त्या शैलीचा रंगसंस्कार घेऊन राजस्थानी किल्ले-हवेल्यांच्या कमानी, छत्र्या, जाळ्या इथे उभ्या राहतात. त्यामुळे पहिल्याच दृश्यात कळतं, ही बालवाडीची पुराणकथा नव्हे.

त्यातही कॅमेऱ्याचं अंतर मला फार आवडलं. तो उंचावर, लांब राहतो आणि खेळणाऱ्याला हवा तसा फिरवता येत नाही. राजी बोटभर दिसते, तिच्याभोवती वास्तू अफाट. भावाला, गोलूला, महाबलासुराच्या तावडीतून सोडवायला निघालेल्या पोरीचं एकटेपण त्या प्रमाणातूनच कळतं. 1996 च्या ‘टूम रेडर’ या गेमपासून त्याच्या नायिकेची, लारा क्रॉफ्टची, जाहिरात तिच्या देहावर बेतली गेली, मोठ्यांना विकायचं म्हणजे हेच, असा बाजाराचा समज होता. राजीचं रूप तसं देहावर बेतलेलं नाही, ती डोंबारीण आहे. ती खांबाला झोका घेते, भिंतीवर धावत चढते, आणि आत्तापर्यंत शोभेचा वाटणारा खांब लढाईचं साधन होतो. चित्र आणि खेळ इथे एकजीव झाले आहेत.

गोष्ट पुढे नेणारे प्रसंग छाया-बाहुल्यांच्या रूपात येतात. पिंगुळीच्या ठाकरांची चामड्याची बाहुली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या सावल्यांची धार ओळखीची वाटेल. गोल फिरणारी चित्रकोडी जुळवली की बहीणभावाच्या आठवणी उलगडतात, तो भाग तर फार हळुवार आहे.

उणिवा आहेत. लढाया पुढे पुढे एकसुरी होतात, शेवट अर्ध्यावर तुटल्यासारखा वाटतो. देवांचे इंग्रजी संवाद मला चित्रांपेक्षा फिके वाटले. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, ते बरं झालं. पण भिंतीपाशी थांबल्यावर या तक्रारी विसरायला होतात.

ती भिंत पाहताना बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला लोणार आठवणारच. उल्केच्या आघातानं काळ्या पाषाणात झालेलं सरोवर, आणि गावात दैत्यसूदनाचं मंदिर. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूची कथा तिथे मूर्तीत आहे आणि छतावर पुराणातले प्रसंग कोरलेले आहेत. आत अंधार असतो; मान वर करून, डोळे सरावू देऊन एकेक आकृती शोधावी लागते. खेळाडूला थांबवून कथा पाहायला लावण्याची जी युक्ती ‘राजी’त आहे, ती या मंदिराच्या छतानं शतकानुशतकं वापरली आहे. दैत्य, देव, अंधार, विवर, सगळा ऐवज एकाच गावात आहे.

‘राजी’नं राजस्थानच्या कमानी जगभरच्या मोठ्या माणसांना पाहायला लावल्या. खेळ रंगवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या चित्रकारांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या खेळाची पहिली रेघ ओढण्याआधी वही घेऊन लोणारला या, आणि त्या छताखाली एक अख्खा दिवस काढा.