परवाना मिळाला, पण काम कोणते?

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात 'अपंगत्व' हा शब्द कलम २४ मध्ये येतो. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण, मृत्यू यांच्या ओळीत, म्हणजे सामाजिक सुरक्षेच्या यादीत. नोकरी-व्यवसायाच्या १७ ते १९ या कलमांत तो नाही. उलट अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६ चा करार कलम २७ मध्ये कामाचा हक्क सांगतो, कलम ११ मध्ये युद्धकाळातल्या संरक्षणाविषयी बोलतो. पण 'निर्वासित' हा शब्द त्यात नाही. शब्द नाही म्हणून हक्क जात नाही, हे मान्य. मात्र योजना आखणारे शब्द पाहूनच रकाने पाडतात, असे मला वाटते.

जॉर्डनचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत सीरियन निर्वासितांसाठी सुमारे दोन लाख रोजगारसंधींचे उद्दिष्ट ठरले. बदल्यात जॉर्डनला आर्थिक मदत आणि युरोपच्या बाजारपेठेत सवलती मिळणार होत्या. या कराराचे जगभर कौतुक झाले आणि काही अंशी ते रास्तही होते. चोरून काम करणाऱ्याला पोलिसांची भीती असते. परवाना ती कमी करतो.

माझा आक्षेप आहे तो या योजनेच्या मोजपट्टीवर. परवाने मोजले गेले; पण ते मुख्यतः शेती, बांधकाम आणि कारखान्यांतल्या कामांचे होते. शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर, हिशेबनीस, कारकून ही कामे परदेशी माणसाला बंद होती. स्थानिक सुशिक्षित बेकारांना संरक्षण द्यावे, हा त्यामागचा हेतू. जॉर्डनमधली बेकारी पाहता तो खोटा म्हणता येत नाही.

पण परिणाम पाहा. समजा, स्फोटात पाय गमावलेला एखादा सीरियन शिक्षक आहे. विटा वाहण्याची त्याला मुभा आहे, पण शरीर साथ देत नाही. शिकवणे त्याला सहज जमेल, पण ते परक्याला बंद. अपंगांना वगळा असे कोणी कुठेही लिहिलेले नाही, तरी तो वगळला गेलाच. २००८ मध्येच अपंगहक्कांच्या कराराला मान्यता दिलेल्या देशात हे घडते.

२०१८ मध्ये सीरियन निर्वासितांना घरगुती उद्योगांची परवानगी मिळाली: खाद्यपदार्थ, शिवणकाम, हस्तकला. ज्याला घराबाहेर पडणे अवघड, त्याच्यासाठी ही खरी संधी आहे. तरीही तिला अंतिम उत्तर मानायला मी तयार नाही. अपंग माणसाने घरीच बसून काम करावे, ही समजूत आपल्याकडेही जुनीच आहे. घरी काम करणे हा त्याचा पर्याय असावा, नाइलाज नव्हे.

म्हणून अशा योजनेचा अहवाल हाती आला, की किती परवाने दिले एवढे पाहून थांबू नये. त्यांपैकी किती कामे बसून, एका हाताने किंवा दृष्टीविना करता येतील, हेही विचारावे. बहुतेक अहवालांत त्यासाठी रकानाच सापडत नाही. तो पाडायला नवा करार लागत नाही.