गोव्याची नाकेबंदी आणि युद्धनिवारणाचा प्रश्न

राजनीती व आर्थिक निर्बंध यांच्या योगे युद्ध टाळता येते काय, या प्रश्नाची चर्चा निघाली की राष्ट्रसंघाने १९३५ मध्ये इटलीवर घातलेल्या निर्बंधांचा दाखला हटकून दिला जातो. रत्नागिरीच्या अभ्यासकाला इतके दूर जाण्याचे प्रयोजन नाही. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण सीमा गोव्याला भिडलेली होती, आणि १९५५ ची नाकेबंदी बांदे, आरोंदे यांसारख्या सीमेलगतच्या गावांतच प्रत्यक्षात उतरली होती.

या प्रकरणासंबंधी दोन अभिप्राय रूढ आहेत. स्वातंत्र्यानंतरची चौदा वर्षे वाटाघाटींत व्यर्थ गेली, अखेर सैन्यानेच काम केले, हा पहिला; आणखी धीर धरला असता तर सैन्याची गरजच पडली नसती, हा दुसरा. दोन्ही अभिप्राय साधनांचे स्वरूप न तपासता केवळ शेवटावरून निर्णय देतात, हा त्यांचा समान दोष होय.

प्रथम वाटाघाटींचा विचार करू गेल्यास असे दिसते की, त्या फिसकटल्या असे म्हणणेही फारसे बरोबर नाही; त्या खऱ्या अर्थाने सुरूच झाल्या नाहीत. भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी पोर्तुगालकडे बोलणी मागितली. पोर्तुगालने विषयच अमान्य केला, आणि १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून मायदेशाचाच भाग आहे असे एकदा ठरल्यावर त्याच्या हस्तांतराची भाषा सालाझारच्या दृष्टीने अर्थशून्य होती. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. तडजोडीला उभयपक्षी मान्य असा विषय लागतो. तोच येथे नव्हता.

नाकेबंदीचा दोष निराळा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर सीमा बंद झाली, रेल्वेची वाहतूक थांबली, मुंबईतील गोमंतकीयांनी घरी पाठवावयाच्या पैशावर बंधने आली. परंतु समुद्र मोकळाच राहिला. मुरगाव बंदरातून लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीकडे जात होते आणि त्या व्यापाराच्या बळावर आवश्यक माल परदेशांतून येत होता. राष्ट्रसंघाने इटलीच्या बाबतीत तेल वगळले होते. येथे समुद्र वगळला गेला. निर्बंधाचा भार ज्याच्या हाती निर्णय होता त्या लिस्बनवर पडला नाही. तो पडला सीमेच्या दोन्ही अंगांस सोयरीक असलेल्या कुटुंबांवर आणि मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घरांवर. ज्यांची मुक्तता करावयाची, त्यांनाच त्या उपायाची झळ लागावी, हे या धोरणाचे सर्वांत मोठे न्यून होय.

तरीही पहिला अभिप्राय ग्राह्य ठरत नाही. १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव केला, आणि पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेश, त्यांत गोवाही, स्वायत्तता नसलेले प्रदेश म्हणून नोंदविले. ‘प्रांत’ या युक्तिवादाचा जागतिक आधार तेथे ढासळला. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीत युद्धबंदीच्या ठरावास सात मते पडली, तो सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. पण नाटोचा सभासद असूनही पोर्तुगालच्या मदतीस कोणाचेही सैन्य धावले नाही. १९ डिसेंबरला शरणागती झाली. दीर्घ राजनीतीने युद्ध टाळले नाही. ते आखूड व एकाकी मात्र केले.

दुसऱ्या अभिप्रायाचे उत्तर कालक्रमच देतो. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये, म्हणजे त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर. तोवर आफ्रिकेतील वसाहतींत पोर्तुगालने अनेक वर्षे युद्ध चालविले होते. धीर धरावयाचा तर आणखी तेरा वर्षे, आणि तोही गोमंतकीयांच्या वतीने.

आणखी एक गोष्ट दृष्टीआड होऊ नये. येथे निर्बंध घालणारे राष्ट्र आणि अखेर शस्त्र उचलणारे राष्ट्र एकच होते. निर्बंधांच्या सामान्य चर्चेत ते आक्रमकाला आवरण्याचे साधन मानले जातात. गोव्यात ते भारताने स्वतःवर घातलेल्या संयमाचे साधन होते. असा संयम निष्फळ ठरतो तेव्हा तो शस्त्राकडे जाणारी पायरी बनतो. म्हणून कोणत्याही निर्बंधाविषयी दोन प्रश्न आधीच विचारले पाहिजेत: त्याची झळ निर्णय घेणाऱ्यास लागते काय, आणि तो फसल्यास पुढे काय? १९५५ मध्ये या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे नव्हती; १९६१ चे सैन्य हे त्याच अभावाचे फलित होय.