आदर्श उत्तरांचें वाङ्मय

मराठी मुलुखांत आज सर्वांत अधिक वाचलें जाणारें गद्य कोणतें, असा प्रश्न कोणी केल्यास कादंबरी, चरित्र वा नियतकालिक यांपैकीं कशाचेंही नांव घेण्यास आम्ही धजणार नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें तो मान शालेय मार्गदर्शिकेचा, म्हणजे रूढ भाषेंत ‘गाईड’चा आहे. ज्या घरांत दुसरें पुस्तक नसतें त्या घरांतही तें असतें, आणि तरीही टीकाकाराची दृष्टि त्याकडे वळत नाहीं. दहावीच्या इंग्रजीच्या आदर्श उत्तरांपुरता हा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

निमित्त लहानसेंच घडलें. पुणें-नगर रस्त्यावर पारनेर तालुक्यांत सुपा हें गांव आहे. औद्योगिक वसाहतीमुळें तें अलीकडे बरेंच गजबजलें आहे. तेथील एका शिक्षकस्नेह्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वह्या आमच्यापुढें ठेविल्या. ‘माझें गांव’ या विषयावरील निबंधांपैकीं अनेकांत एकच वाक्य होतें: हें गांव शहाजीराजांस जहागीर म्हणून देण्यांत आलें होतें. कर्मणि रचना निर्दोष, क्रियापदाचें रूप बरोबर, समोर तांबडी खूण. व्याकरणदृष्ट्या बोट ठेवावयास जागा नव्हती. मात्र वाक्य खरें नव्हतें. शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरींतील सुपें पुणें जिल्ह्यांत, आजच्या बारामती तालुक्यांत आहे. तें पारनेर तालुक्यांतील सुपा नव्हे. घोटाळ्याचें मूळ मराठी विभक्तींतच आहे. सुपा आणि सुपें या दोन्ही नांवांचें सामान्यरूप एकच होतें. ‘सुप्याची जहागीर’ असें म्हटलें कीं कोणतें गांव अभिप्रेत आहे, हें त्या शब्दावरून कळावयास मार्ग उरत नाहीं.

आतां व्याकरणाचा प्रश्न घ्या. कर्तरि वाक्य कर्मणि करा, असा आदेश मुलांस वर्षानुवर्षें मिळतो, आणि गाईड त्याचा नियम एका चौकटींत देतें. कर्ता ‘पीपल’ किंवा ‘समवन’ असल्यास तो गाळावा, हेंही तें सांगतें. ‘पीपल से’ याचें ‘इट इज सेड’ होतें आणि गुण पदरांत पडतो. परंतु तो कर्ता गळाल्यानें काय गळालें, हें कोठेंही विचारलेलें नसतें. वस्तुतः येथेंच व्याकरण संपून विवेक सुरू व्हावयाचा. ‘असें म्हटलें जातें’ हे शब्द दिसतांच कोण म्हणतो, केव्हां म्हणाला आणि कशावरून म्हणाला, हे तीन प्रश्न वाचकाच्या मनांत उठले पाहिजेत. सुप्याच्या मुलांचें वाक्य त्या तिन्ही प्रश्नांवांचून वहींत उतरलें आणि त्यास पुरे गुण मिळाले.

वाचनाची स्थिति याहून निराळी नाहीं. राज्य मंडळानें प्रश्नपत्रिकेस कृतिपत्रिकेचें रूप दिलें आणि उताऱ्यावरील कृतींत विद्यार्थ्याचें स्वतःचें मत विचारण्याची सोय केली. ही सुधारणा आम्हांस मनापासून मान्य आहे. परंतु मत मागितलें जाणार हें कळतांच मतांचाही छापील साठा तयार झाला. ‘माझ्या मतें’ या शब्दांनीं आरंभ होणारीं, दुसऱ्यानें लिहिलेलीं आणि तिसऱ्यानें पाठ केलेलीं उत्तरें हा आमच्या वाङ्मयांतील एक अपूर्व प्रकार होय. त्यांत ‘मी’ आहे, पण तो कोणाचाच नाहीं. त्या उत्तरांत झाडें सदैव उपकारक, श्रम सदैव फलदायी आणि वर्तमानपत्र सदैव ज्ञानवर्धक असतें. वर्तमानपत्रांतील बातमी खोटी असूं शकते, असें सांगणारें आदर्श उत्तर आमच्या पाहण्यांत अद्याप आलें नाहीं.

इंग्रजी वाचनाचा आमचा वारसा असा नव्हता. जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झाला. लेखक साताऱ्यास कंपनी सरकारचे अधिकारी राहिलेले. ग्रंथाचा दरारा मोठा. तरीही १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेंतील तरुणानें पुण्यांत त्या ग्रंथावर जाहीर टीका केली. पुढें १८७८ सालीं सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’नें व १८९८ पासून राजवाड्यांनीं प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनां’नीं अस्सल कागद छापून शोधाचा तो मार्ग प्रशस्त केला. कीर्तन्यांच्या इंग्रजीचा खरा उपयोग, आमच्या मतें, हाच होता: इंग्रजींत छापलेलें तेवढ्यानेंच खरें ठरत नाहीं, हें त्यांस कळलें.

गाईडवर सर्व खापर फोडून मोकळें होणें मात्र अन्यायाचें होईल. २००० सालापासून राज्यांत पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आलें. पण ज्याच्या घरीं वा शेजारीं इंग्रजी जाणणारें माणूस नाहीं, त्या मुलानें अडलें असतां विचारावें कोणास? भरलेल्या वर्गांतील शिक्षकासही प्रत्येक वहीवर थांबण्यास सवड नसते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें कित्येक पिढ्यांना घरबसल्या इंग्रजी शिकविलें, तेंही पुस्तकच होतें. परंतु ती पाठमाला वाक्यें पुढें ठेवून भाषांतर विद्यार्थ्याकडून करवून घेई. गाईड तें काम स्वतःच उरकून टाकतें. एक पुस्तक गुरूच्या जागीं बसलें, दुसरें विद्यार्थ्याच्या जागीं, हा तो भेद.

आमची सूचना साधी आहे. अशा प्रत्येक विधानासमोर शिक्षकानें तांबड्या शाईनें ‘कशावरून?’ एवढा एक शब्द लिहावा. ‘गाईडवरून’ असें उत्तर आलें तरी चालेल. तें निदान प्रामाणिक असेल. सुप्याच्या त्या वर्गांत आमच्या स्नेह्यांनीं हा प्रयोग करून पाहिला. नकाशावर दोन्ही गांवें दाखविल्यावर एका मुलानें विचारलें, “मग सर, आपल्या सुप्याचें काय?” मराठींत विचारलेला हा प्रश्न त्या वह्यांतील सर्व इंग्रजी उत्तरांहून आम्ही मोलाचा मानितों. त्याचें उत्तर कोणत्याही गाईडांत नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत किंवा गांवांतील एखाद्या जुन्या वाड्याच्या रुमालांत तें असेल, कदाचित् नसेलही. पण शोधावयास कोणीतरी गेलें पाहिजे.