वीर व्हायचं नसेल तर?

रोल-प्लेइंग गेममध्ये पात्राचं नाव, चेहरा, शस्त्र, स्वभाव सगळं आपण ठरवतो. एक गोष्ट मात्र आधीच ठरलेली असते: जग वाचवायचं काम तुमचंच. ‘मला नाही करायचं, दुसरं कोणी बघा’ असं म्हणायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. माझी तक्रार इथेच आहे. पण संशोधनात नुसती तक्रार चालत नाही, तिचा प्रश्न करावा लागतो. तो कसा करायचा ते बघू.

आधी संकल्पना. जॅनेट मरे यांनी १९९७ च्या ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ या पुस्तकात ‘एजन्सी’ची चर्चा केली आहे. सोप्या भाषेत: आपण काही अर्थपूर्ण केलं आणि त्याचा परिणाम दिसला, याचं समाधान. यावरून मी नकारासाठी तीन प्रश्न काढले. नाही म्हणता येतं का? जग त्याची नोंद घेतं का? त्यानंतर करण्यासारखं काही उरतं का?

आता तपासू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ (२०२०) ही ॲक्शन-साहसाची गेम. राजीला फक्त पळवून नेलेला भाऊ, गोलू, परत हवाय. पण देव तिला निवडतात, शस्त्रं देतात, आणि आपल्याला कुठेच विचारलं जात नाही. अडलं पहिल्याच प्रश्नावर. अर्थात, ‘राजी’ निवडीचं वचनच देत नाही, म्हणून तिला फार दोष देता येत नाही.

‘स्कायरिम’ (२०११) ते वचन देते. मुख्य कामगिरी सोडून शंभर तास लोहारकाम करत बसलात तरी चालतं. गंमत म्हणजे ती कामगिरी एका टप्प्यापर्यंत नेलीच नाही, तर सुरुवातीचा एक सोडल्यास ड्रॅगन फिरकतच नाहीत! संकट तुमची वाट बघत थांबतं. याला नकार नाही, टाळाटाळ म्हणतात.

‘फार क्राय ४’ (२०१४) ही शूटर गेम. सुरुवातीला हुकूमशहा जेवणाच्या टेबलावर थांबायला सांगतो. पळून न जाता साधारण पंधरा मिनिटं खरंच थांबलात, तर तो परत येतो, आईच्या अस्थी ठेवायला नेतो, आणि गेम संपते. नोंद घेतली, पण पुढे काही उरलं नाही.

असं का होतं? दर वळणावर दोन पर्याय ठेवून त्यांच्या वाटा वेगळ्याच राहू दिल्या, तर दहा वळणांनंतर १०२४ वाटा होतात. म्हणून बनवणारे वाटा पुन्हा एकत्र आणतात. नकाराची वाट सगळ्यात महाग, कारण ती मुख्य कथेत परत वळवता येत नाही.

पण हे अशक्य नाही. महाभारतात बलराम कुणाचीच बाजू न घेता तीर्थयात्रेला जातो, आणि शल्यपर्वात कथा सरस्वतीकाठी त्याच्यामागे जाते. तो परत येतो, गदायुद्ध बघतो, भीमावर चिडतो. तिन्ही प्रश्नांना उत्तर ‘हो’. आपल्या विदर्भाचा रुक्मीही युद्धाबाहेरच राहिला. पण त्याची बढाई ऐकून आधी पांडवांनी, मग दुर्योधनानं त्याला परत पाठवलं. एकानं नकार दिला, दुसऱ्याला नकार मिळाला. गेमच्या नोंदवहीत मात्र दोघांपुढे एकच शेरा असता: ‘कामगिरी अपूर्ण’.

हा शेरा आमच्या उंद्रीतही चालतो. शिकून शेतीकडे परतलेल्या पोराबद्दल ‘त्याला जमलं नाही’ असंच बोलतात. त्यानं ठरवून ‘नाही’ म्हटलं असेल, हे कोणी धरतच नाही. म्हणून मला हा प्रश्न नुसता गेमचा वाटत नाही.

तर तक्रारीचा झालेला प्रश्न असा: न करणं आणि नाकारणं यातला फरक गेमनं ओळखायचा तर तिनं कशाकशाची नोंद ठेवली पाहिजे? तुमच्या आवडत्या गेमला हे तीन प्रश्न लावा. दोन पानांचं टिपण झालं, तर प्रस्तावाची सुरुवात झाली समजा.