‘कॅरी अँड लोवेल’ : शोक आणि त्याचा घाट

आत्मचरित्रात्मक कलाकृतीचे मूल्यमापन करताना टीकाकार एका मोहाला सहज बळी पडतो. कलावंताचे दुःख खरे, म्हणून त्याची कृतीही खरी, असे तो मानून चालतो. सुफ्यान स्टीव्हन्स ह्या अमेरिकन गायक-गीतकाराच्या ‘कॅरी अँड लोवेल’ (२०१५) ह्या गीतसंग्रहाबाबत हा धोका विशेष संभवतो. कॅरी ही त्याची आई. लोवेल हा सावत्र पिता. मुलगा अगदी लहान असतानाच आईने घर सोडले. ऑरेगन राज्यात तिच्या सहवासात गेलेले बालपणीचे मोजके उन्हाळे एवढीच त्याची मिळकत. २०१२ साली ती कर्करोगाने निवर्तली. हा वृत्तान्त हृदयद्रावक आहे खरा. परंतु त्यातून अकरा गीते आपोआप निर्माण होत नाहीत.

‘इलिनॉय’ (२००५) मध्ये वाद्यवृंद व समूहगान ह्यांचा थाट मांडणारा आणि ‘दि एज ऑफ ॲड्झ’ (२०१०) मध्ये विद्युत्-ध्वनींचा कल्लोळ उठविणारा हा संगीतकार येथे गिटार आणि कुजबुजीच्या जवळ जाणारा स्वर एवढ्यावर भागवितो. तालवाद्ये जवळजवळ नाहीतच. तथापि हे दारिद्र्य नव्हे, निवड आहे. गायकाचा आवाज अनेकदा त्याच्याच आवाजाच्या जोडीने उमटतो, जणू एकटा माणूस स्वतःशीच बोलत आहे. काही गीतांत शब्द संपल्यावर केवळ दीर्घ, अर्थहीन सूर रेंगाळतात. ‘जॉन माय बिलव्हेड’ तर एका श्वासापाशी थांबते.

ह्या संयमाचे खरे कारण आशयातच आहे. शोकाला स्मृतींचे भांडवल लागते, आणि येथे नेमके तेच तुटपुंजे आहे. जिचा सहवास पुरता लाभलाच नाही, तिच्यासाठी टाहो कसा फोडावा? म्हणून ही गीते विलाप न करता तुकडे वेचतात. ‘फोर्थ ऑफ जुलै’ मध्ये मृत आई व मुलगा ह्यांचा संवाद योजिला आहे. सांत्वन करते ती मृत आईच. जे वात्सल्य जीवनात अपुरे राहिले, ते कल्पनेत तिच्या तोंडी घालावे लागते! अखेरीस मृत्यूच्या अटळतेचे एकच विधान त्याच संथ लयीत पुनःपुन्हा येते. व्यक्तिगत शोक करुणाच्या पातळीवर पोहोचतो तो ह्या ठिकाणी.

सर्व गीते एकाच सुरात आहेत, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. सलग श्रवणात उत्तरार्धातील काही गीते परस्परांत मिसळून जातात. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेले ह्याच गीतांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवावे. तेथे ध्वनी विस्तारतो, भावनेला वाट मिळते, आणि श्रोता मोकळा होतो. मूळ संग्रह ही सुटका नाकारतो. अपुऱ्या नात्याचा शोक अपुराच राहावयाचा, हे त्याच्या घाटाने ओळखले आहे. आणि त्याचे मोल आईच्या मृत्यूच्या खरेपणात नसून ह्या ओळखीत आहे, असे आम्हांस वाटते.