बोटांना काय कळतं?

लहानपणी आम्ही त्याला ‘रिमोट’ म्हणायचो. शेजारच्या घरी टीव्हीला जोडलेला स्वस्तातला व्हिडिओ गेम होता. वर खोचलेली पिवळी कॅसेट आणि तोकड्या वायरच्या टोकाला रिमोट. वायर असलेल्या वस्तूला रिमोट का म्हणायचं, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. वायर जरा जास्त ओढली गेली की मशीन टेबलावरून खाली यायचं, म्हणून सगळी पोरं टीव्हीच्या पुढ्यात फरशीवर मांडी ठोकून बसायची. आज वायर खरोखरच गेली आहे. आता मात्र त्याला कुणी रिमोट म्हणत नाही, कंट्रोलर म्हणतात.

मध्यंतरी एका मित्राने विचारलं, “कन्सोल घेतोय. गेम्स तर दोन्हीकडे जवळपास तेच आहेत. कंट्रोलर कुणाचा बरा?” मी सवयीने तक्ता सांगायला सुरुवात केली: बॅटरी, ब्लूटूथ, वजन, किंमत. अर्ध्यावर थांबलो, कारण त्याने विचारलेला प्रश्न तक्त्यात मावणारा नव्हता. गेम्सबद्दल लिहिताना आपण चित्रांबद्दल, कथेबद्दल, संगीताबद्दल लिहितो. कंट्रोलर हा चार्जरसारखा खोक्यातून येणारा ऐवज समजला जातो. पण सिनेमा पाहणाऱ्याच्या हातात काही नसतं आणि गेम खेळणाऱ्याच्या हातात सतत काहीतरी असतं. तेवढ्या एका वस्तूतूनच तो त्या कलाकृतीला स्पर्श करतो. मग कलाकृतीचं मूल्यमापन करताना ती वस्तू वगळून कसं चालेल?

आधी वायरचा हिशेब. निन्टेंडोने २००२ साली गेमक्यूबसाठी ‘वेव्हबर्ड’ नावाचा बिनतारी कंट्रोलर काढला. तो रेडिओलहरींवर चालायचा, त्यामुळे इन्फ्रारेडसारखं समोर धरून बसावं लागत नसे. दोन पेन्सिल सेलवर तो बराच काळ टिकायचा, कारण त्यातून थरथरणारी मोटर काढून टाकली होती. २००६ साली प्लेस्टेशन-३बरोबर आलेल्या ‘सिक्सॲक्सिस’मध्येही कंप नव्हता. त्यामागची कारणं वेगळी होती, पण खेळणाऱ्याच्या अनुभवात फरक नव्हता: वायर गेली आणि तिच्यासोबत स्पर्शही गेला. कंप परत आणणारा ‘ड्युअलशॉक-३’ पुढच्या वर्षी आला. म्हणजे वायरलेस कंट्रोलर हा पहिल्यापासून एक सौदा आहे. बॅटरीत जेवढी वीज आहे, तेवढ्यातच हालचाल, आवाज आणि स्पर्श भागवायचा.

सोनीचा ‘ड्युअलसेन्स’ (२०२०) हा या सौद्यातला सगळ्यात खर्चीक गडी. जुन्या कंट्रोलरमध्ये मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असं वजन फिरायचं आणि अख्खा कंट्रोलर घरघरायचा. ड्युअलसेन्समध्ये स्पीकरच्या पडद्याला हलवतं तशा जातीचं यंत्र दोन्ही मुठींत बसवलं आहे. त्यामुळे एक बारीक टिचकी, लांबट घसट, पावसाची टपटप असे वेगवेगळे कंप तो देऊ शकतो. ट्रिगरच्या मागे छोटी मोटर आणि दातेरी चाकं आहेत. ती ट्रिगरला मध्येच अडवतात, जड करतात.

याची जाहिरात करायला कन्सोलमध्येच ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ हा गेम आयता भरून येतो. टीम असोबीने केलेला हा गेम कन्सोलच्या पोटातच घडतो. एका भागाचं नाव कूलिंग स्प्रिंग्ज, दुसऱ्याचं जीपीयू जंगल. आपला छोटा रोबो वाळूवर चालला की हातात वाळू लागते, धातूवर चालला की टकटक, बर्फावर गेला की गुळगुळीत घसट. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा लहान मुलासारखा एकाच जागी मागे-पुढे चालत बसलो होतो. खेळ म्हणूनही तो उत्तम आहे, आटोपशीर आणि आनंदी.

दुसऱ्यांदा खेळताना मात्र एक गोष्ट जाणवली. प्रत्येक वेळी कंट्रोलर मला सांगत होता, ‘ही वाळू आहे बरं का.’ ते मला डोळ्यांनी दिसतच होतं. हात डोळ्यांची री ओढत होते. ही कारागिरी आहे आणि तिचं मोल आहेच, पण ज्याला अर्थ म्हणावा असं काही बोटांपर्यंत पोहोचलं नव्हतं. नंतर आलेल्या अनेक गेम्समध्ये तर हे तंत्र बंदुकीचा चाप जड करण्यापुरतंच उरलं. तासाभराने बोट दुखतं आणि माणूस सेटिंग्जमध्ये जाऊन ट्रिगरचा परिणाम कमी करतो किंवा बंदच करून टाकतो.

याला अपवाद आहेत. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’च्या २०२२च्या आवृत्तीत पात्रांचे संवाद कंट्रोलरच्या कंपातून देण्याची सोय आहे. ज्याला ऐकू येत नाही तो खाली लिहिलेलं वाक्य वाचतो, आणि ते कुठे जोर देऊन, कुठे अडखळत म्हटलं गेलं, हे त्याला तळहातात कळतं. इथे हात डोळ्यांची री ओढत नाहीत. डोळ्यांना जे दिसू शकत नाही ते सांगतात. तंत्र तेच, पण आता त्याला काम मिळालं आहे.

आणि काम मिळालं तर तंत्र जुनाट असलं तरी भागतं, हे दाखवणारा गेम ड्युअलसेन्सच्या सात वर्षं आधीचा आहे: ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ (२०१३), दिग्दर्शक जोसेफ फारेस. वडील आजारी आहेत आणि दोन भाऊ औषधी पाणी आणायला निघाले आहेत. पात्रं एका बनावट भाषेत बोलतात, त्यातला एकही शब्द आपल्याला कळत नाही. गेमची कल्पना अगदी साधी आहे. डावी स्टिक आणि डावा ट्रिगर म्हणजे मोठा भाऊ. उजवी स्टिक आणि उजवा ट्रिगर म्हणजे धाकटा. दोघांना एकाच वेळी एकच माणूस चालवतो. सुरुवातीला फजिती होते, दोघे दोन दिशांना जातात. दोन तासांनी हात शिकतात. एका चढणीवर दोघे एकाच दोरीला बांधलेले असतात. एकाने ट्रिगर दाबून कड्याला धरून ठेवायचं, दुसऱ्याने झोका घ्यायचा. कुठला हात कधी सोडायचा, हे तोवर डोक्याला विचारावं लागत नाही.

पुढचं सांगताना शेवट फुटतो, पण तो सांगितल्याशिवाय मुद्दा पुढे जात नाही. मोठा भाऊ मरतो. धाकट्याने त्याला ओढत खड्ड्यापर्यंत न्यायचं, वर माती लोटायची. हे सगळं उजव्या हाताने. डाव्या हाताला काही काम नाही. तो कंट्रोलरवर नुसता पडून आहे. मग धाकटा पाणी घेऊन घराकडे निघतो आणि वाटेत खोल पाणी लागतं. आई बुडून गेल्यापासून तो पाण्याला भितो. आजवर मोठ्याच्या पाठीला धरूनच पोहला आहे. उजवा ट्रिगर दाबून काही होत नाही. आपण खेळणारे गोंधळतो, सगळी बटणं दाबून पाहतो. आणि मग कधीतरी डाव्या हाताचं बोट त्याच्या जुन्या जागी जातं. मेलेल्या भावाचा ट्रिगर दाबला की धाकटा पोहायला लागतो.

इथे हातात कंप आहे की नाही, याने काहीही बिघडत नाही. एक स्प्रिंग आणि एक बटण पुरलं. तीन-चार तास त्या बोटाला एका माणसाची सवय लावली आणि मग माणूस काढून घेतला. ‘ॲस्ट्रो’ माझ्या हाताला वाळू दाखवतो. ‘ब्रदर्स’ माझ्याच हातातली रिकामी जागा मला दाखवतो. कादंबरीला किंवा सिनेमाला हे करता येणार नाही, कारण त्यांच्याकडे आपलं डावं बोट नाही.

हा गेम मी दुसऱ्यांदा खेळलो तो एका जुन्या वायरलेस कंट्रोलरवर. कुठल्या कंपनीचा, ते महत्त्वाचं नाही. त्याच्या डाव्या स्टिकला ‘ड्रिफ्ट’ झाला होता, म्हणजे हात न लावताही ती ढकलली गेल्यासारखी वागायची. मोठा भाऊ आपला आपण पुढे सरकायचा, धाकटा मागे उभा. सुरुवातीला हसू आलं, मग चीड. आणि दफनाच्या प्रसंगात एकदम लक्षात आलं की पडद्यावर भाऊ नाही, माझा डावा हात स्वस्थ आहे, पण कंट्रोलर मात्र अजून कन्सोलला कळवतो आहे की डावी स्टिक पुढे ढकलली जात आहे. नंतर लॅपटॉपला जोडून पाहिलं, तर आकडा खरंच शून्यावर येत नव्हता.

ड्रिफ्टचं कारण गूढ नाही. बहुतेक स्टिकच्या बुडाशी पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असायचा तोच. कार्बनच्या पट्टीवर एक धातूची जीभ घासत राहते. रेडिओ जुना झाला की कान पिळल्यावर खरखर यायची, तशीच ही झीज. निन्टेंडोच्या जॉय-कॉनमध्ये ही तक्रार इतकी वाढली की २०२० साली कंपनीच्या अध्यक्षांना भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त करावी लागली. आणि उपाय तर आधीपासून ठाऊक होता. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर होता. त्यात काही घासतच नाही. आज गुलीकिट, एटबिटडूसारख्या छोट्या कंपन्या तो वापरतात.

मग मोठ्या कंपन्यांच्या महागड्या कंट्रोलरमध्ये अजूनही घासणारी पट्टी का? याचं उत्तर मला कंपन्यांच्या विक्रीच्या तऱ्हेत दिसतं. वाळूचा कंप दुकानातल्या पाच मिनिटांत विकता येतो. तिसऱ्या वर्षी सरळ राहणारी स्टिक तशी विकता येत नाही. सोनीने २०२३ साली स्टिकचा भाग काढून बदलता येईल असा ‘ड्युअलसेन्स एज’ आणला, पण साध्या कंट्रोलरच्या कितीतरी जास्त किमतीला. म्हणजे जे मुळात असायला हवं, ते श्रीमंती थाट म्हणून विकलं. आणि वायर गेली म्हणताना तीही पूर्ण गेलेली नाही. पीएस-५चे गेम जुन्या ड्युअलशॉक-४वर खेळता येत नाहीत. एक्सबॉक्स कन्सोलला साधा ब्लूटूथ कंट्रोलर जोडता येत नाही. दोरी आहेच, फक्त दिसत नाही.

मित्राला शेवटी मी काय सांगितलं? उशीर जाणवला तर वायरलेसला दोष देण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू कर. ६० फ्रेम्सच्या खेळात एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची, आणि चित्र सजवण्यात टीव्ही त्याहून जास्त वेळ सहज खातो. कंट्रोलर घेताना हातात धर आणि डोळे मिटून अंगठे फिरव. तुझ्या हाताच्या मापाचा निकाल तूच देऊ शकतोस. एक्सबॉक्सचा कंट्रोलर पेन्सिल सेलवर चालतो म्हणून त्याला हसू नकोस. सेल दमले की बदलता येतात. ड्युअलसेन्सची आतली बॅटरी दमली की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसावं लागतं. तरीही नवा स्पर्श हवासा वाटला तर ड्युअलसेन्स घे, मीही घेतला आहे. फक्त स्टिक बदलून देणारा माणूस आधी शोधून ठेव.

माझा जुना कंट्रोलर लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने दुरुस्त केला. जुनी स्टिक उपटून नवी सोल्डर केली आणि विचारलं, “दुसरीही बदलू का?” मी हो म्हटलं. घरी येऊन ‘ब्रदर्स’ लावला. मोठा भाऊ जागच्या जागी उभा होता. मी अंगठा हलवेपर्यंत तो हलला नाही.